डावा, उजवा आणि मधली काच

आमच्या गोठ्याच्या खिडकीला जी जाड काच बसवली आहे, ती खिडकीची नाही. तिच्या कडा हिरव्या दिसतात आणि खालच्या कोपऱ्यात पांढरा क्षार धरलेला आहे, तो चिंचेनं घासला तरी जात नाही. येणारा-जाणारा विचारतो, गोठ्याला एवढी भारी काच कशाला. मी सांगतो, ती माशांची आहे. मग तो माझ्याकडं बघतो आणि पावसापाण्याचं बोलायला लागतो.

ज्यांची ती काच, त्यांचं नाव मी लिहीत नाही. घोडेगावात त्यांना नावानं हाक मारणारं कोणी उरलंही नव्हतं. सगळे पॅनमन म्हणायचे. पॅनमन म्हणजे साखर कारखान्यात उसाचा पाक आटवून त्याला दाणा आणणारा माणूस. ज्या मोठ्या भांड्यात तो आटवतात त्याला पॅन म्हणतात, आणि त्याला पुढून एक गोल काच असते. तिच्यातून आत बघत राहायचं, मधूनमधून नमुना काढून काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि दाणा कुठवर आला ते डोळ्यानं ठरवायचं. त्यांचा सगळा जन्म यात गेला. रिटायर झाल्यावर खाकी सदरा अंगावर राहिला आणि काचेची पट्टी खिशात. चहा आला की एक थेंब पट्टीवर. मध आणला की थेंब पट्टीवर. डॉक्टरनं खोकल्याचं औषध दिलं, तेही आधी पट्टीवर आणि मग पोटात. हॉटेलवाला म्हणायचा, "पॅनमन, च्या हाय त्यो. त्यातनं साखर न्हाई पाडायची." ते म्हणायचे, "बघून घेतलेलं बरं."

बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते कारखान्यातलं. कोणी घाईनं काही ठरवायला लागला की, "दाणा पडू द्या." कोणी गोडगोड बोलून काही रेटायला लागला की, "खोटा दाणा." पॅनमध्ये घाई केली की मोठ्या दाण्यात बारीक, बिनकामाचा दाणा सुटतो. लांबून साखरच दिसते, पण तिचा उपयोग नसतो. एका लग्नाच्या बैठकीत नवऱ्यामुलाचा बाप मुलाचे गुण सांगायला लागला, तेव्हा हे मागून एवढे दोनच शब्द बोलले. त्यानंतर त्यांना बैठकीला बोलावणं बंद झालं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वाटलं असेल तर दिसलं नाही.

मी त्यांच्या मागच्या खोलीत आठ महिने राहिलो. माझं शिक्षण चौथी. पण मला बैल कळतो. सोनईच्या बाजूला आमचं गाव, आणि माझा जन्म गेला तो घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात. बैलाचे दात बघायची मला गरज पडली नाही कधी, तो चालत समोर आला की वय कळायचं. ही बढाई नाही, त्या बाजारात कोणालाही विचारा. तर असा मी एक दिवस घरात भांडून, हातात पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आधी पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खोली हाय," म्हणाले. "किती दिवस ऱ्हायाचं ते इचारत न्हाई. फक्त टाकीला हात लावायचा न्हाई."

"टाकी कसली?"

त्यांनी मला पुढच्या खोलीत नेलं. लोक जिथं टीव्ही ठेवतात तिथं लोखंडी स्टँडवर सहा फूट लांब काचेची टाकी होती. मधोमध ही काच, खोबणीत बसवून उभी केलेली. डाव्या बाजूला एक मरळ, हाताएवढा लांब, अंगावर अजगरासारखे डाग, आणि वाहून आलेल्या ओंडक्यासारखा निपचित. मुळा धरणावर मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं तो बोटाएवढा असताना दिलेला. उजव्या बाजूला नगरच्या दुकानातनं आणलेला परदेशी मासा. त्याला फ्लॉवरहॉर्न म्हणतात म्हणे. ताटलीएवढा, लालभडक, आणि कपाळावर मोसंबीएवढं टेंगूळ. मला ते बैलाच्या वशिंडासारखं वाटलं, फक्त जागा चुकलेलं.

"दोगंबी दुसऱ्याला खानारे," पॅनमन म्हणाले. "ह्यो डावा. त्यो उजवा."

"ही बैलांची नावं झाली."

"मग तुमच्या ध्यानात ऱ्हातील, व्यापारी."

तेव्हापासून त्यांनी मला व्यापारीच म्हटलं.

उजवा सकाळी उजाडलं की मधल्या काचेवर धडका मारायला लागायचा. मागच्या खोलीपर्यंत ठप ठप ऐकू यायचं. कल्ले फुगवायचा, रंग आणखी गडद व्हायचा. डावा त्याला उत्तर द्यायचा नाही. तो काचेला तोंड लावून नुसता बघत राहायचा, आणि मला विचाराल तर दोघांत तोच वाईट होता. मधेच वर यायचा, गप्पकन हवा घ्यायचा, पुन्हा खाली. मरळ उडीही मारतो, म्हणून झाकणावर पॅनमननी एक वरवंटा ठेवलेला होता. बायको गेल्यावर पाट्यावर वाटायला कोणी राहिलं नव्हतं, तेव्हा वरवंट्याला ते काम. ते स्वतः टाकीपुढं खुर्ची टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे, तासन् तास, पॅनपुढं बसल्यासारखे.

मी एकदा विचारलं, "एकच का ठिवला न्हाई? घर तरी शांत ऱ्हाईल."

"ह्यो डावा एकटाच हुता आधी. चार-चार दिस हालायचा न्हाई. खायचा बी न्हाई धड. समोर कोनतरी लागतं, ज्याच्यावर राग काडता यील. मंडळी गेल्यावर मला कळलं ते."

एवढं बोलून ते उठले आणि फिल्टर धुवायला घेतला.

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, ती काच एक दिवस काढायची. दोन खाणारी जनावरं एका पाण्यात राहिलेली बघायची. कशाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गल्लीतले लोक म्हणायचे, "पॅनमन, काच काडायच्या दिशी सांगा, मसाला वाटून आनतो." ते म्हणायचे, "दाणा पडू द्या."

बाजाराच्या दिवशी माझा मुलगा यायचा आणि सुनेनं दिलेला डबा ठेवून जायचा. "घरी चला" असं तो म्हणायचा नाही, मी विचारायचो नाही. आम्ही दोघं एकाच मातीचे. डबा मोठा असायचा, दोघांना पुरेल एवढा, आणि पॅनमन निमूटपणे पुढं बसायचे. दुसऱ्या का तिसऱ्या डब्याला त्यांनी विचारलं.

"घर का सोडलं?"

"एक बैल आनला मी. गरीब जनावर. सुनेच्या गाईशेजारी बांधला. दावं कच्चं निघालं, तुटलं. बैलानं गाईला भोसकलं. गाभन हुती. गेली."

"दावं कुनी वळलं हुतं?"

"सूनबाईनं. तिच्या जुन्या साड्यांच्या पट्ट्या वळून करती ती."

"आन ह्यो डबा कुनी दिलाय?"

"तिनंच."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, सावकाश खाल्ला. "खोटा दाणा," म्हणाले.

मी डबा उचलून खोलीत गेलो. तीन दिवस बोललो नाही. मला खोटं म्हणणारा माणूस त्या बाजारात जन्मलेला नव्हता. चौथ्या दिवशी मीच जाऊन त्यांच्या शेजारी बसलो, कारण मागच्या खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी खुर्ची थोडी सरकवून मला जागा केली.

काच काढायचा मार्ग मी सांगितला, हे मला लिहिलं पाहिजे. त्यांनी त्याआधी दोनदा काच चार बोटं वर उचलून बघितली होती, दोन्ही वेळा उजवा खालून घुसायला गेला. मी म्हटलं, "तुमचं चुकतंय. नवा बैल आनला की आमी त्याला जुन्यापाशी नेत न्हाई. जुन्याला आधी भाईर काडतो. गोठा झाडायचा, गव्हान हालवायची, खुंटा बदलायचा. मग नव्याला आत बांदायचं आन जुन्याला मागनं आनायचं. मंजी जुना सोताच्याच गोठ्यात पाव्हन्यासारका येतो."

त्यांनी खिशातली पट्टी काढली, रिकामीच उजेडासमोर धरली, परत ठेवली. "ह्ये खरं दिसतंय," म्हणाले.

वाचणारा विचारेल, एवढं येत होतं तर सुनेच्या गाईशेजारी बैल तसाच नेऊन का बांधला. त्याचं उत्तर असं की मुलगा म्हणाला होता, "आबा, ह्यो मारका दिसतोय." मला. माझ्या घरात, बैलाबद्दल. मग मी त्याला सरळ नेला आणि बांधला.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी आम्ही दोन्ही मासे दोन टबांत काढले. पाणी अर्ध्यावर आणलं, दगड हलवले, कुंभाराकडच्या मातीच्या दोन नळ्या दोन टोकांना ठेवल्या, आणि काच खोबणीतून वर ओढून भिंतीला टेकवली. आधी उजव्याला सोडला, तासाभरानं डाव्याला. पॅनमन हातात लाकडी फळी घेऊन उभे, मधे घालायला. दोघं समोरासमोर आले. उजव्यानं कल्ले फुगवले. डावा होता तिथंच थांबला. मग उजवा वळला आणि एका नळीपाशी गेला, डावा दुसऱ्या नळीत शिरला. दुपार झाली तरी पॅनमननी फळी खाली ठेवली नव्हती. मीच ती त्यांच्या हातातून घेतली.

"जोडी जमली," मी म्हटलं.

"न्हाई व्यापारी. हद्द ठरली. लई फरक हाय."

खायला घालायची त्यांची रीत ठरलेली होती. दोन हातांत दोन चिमटे, एका टोकाला कोंबडीचा एक तुकडा, दुसऱ्या टोकाला दुसरा, एकाच वेळी. क्षणाचाही फरक नाही. असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी त्यांची मुलगी नाशिकहून आली आणि त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला घेऊन गेली. जाताना त्यांनी माझ्या हातात दोन्ही चिमटे दिले.

"टाकीला हात लावायचा न्हाई म्हनला हुता तुमी," मी म्हटलं.

"आता लावा. दोनी हातांनी. दोन टोकांना. मधी काय बी टाकू नका."

दोन दिवस मी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथं बसलो होतो आणि मला ते पटेना. दोन जनावरं एका छपराखाली, आणि वैरण दोन कोपऱ्यांत. हे काय जोडीचं लक्षण आहे? आमच्यात बैल एका गव्हाणीत तोंड घालून खायला लागले की जोडी जमली म्हणतात, त्याच्याआधी नाही. मला वाटलं, पॅनमन आले की त्यांना दाखवावं, तुम्हाला पाच वर्षांत जमलं नाही ते मी तीन दिवसांत केलं. मी झाकण उघडलं, वरवंटा खाली ठेवला, आणि सगळे तुकडे मधोमध सोडले.

दोघं एकदमच आले. नंतरचं मला नीट दिसलंच नाही. पाणी गढूळ झालं, टाकीवर धडक बसली तसं स्टँड हललं. मी काच आणायला भिंतीकडं पळालो. माझ्या हातून ती खोबणीत जाईना, ओल्या हातांतनं निसटायला लागली. तेवढ्यात डावा टाकीच्या उघड्या तोंडातून बाहेर उडाला आणि फरशीवर पडला. शेपटी फाटलेली, कुशीवर घाव. मी त्याला पंच्यात धरून बादलीत टाकलं. मीठ घातलं, हळद घातली. जनावराला जे करतो ते सगळं केलं. तो एका अंगावर तरंगत राहिला आणि मधूनमधून गप्पकन हवा घेत राहिला.

पॅनमन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. डोळ्यावर काळा चष्मा. मुलगी त्यांचा हात धरून होती, तो त्यांनी उंबऱ्यातच सोडवून घेतला. बादलीपाशी उकिडवे बसले.

"झाकन सरकलं," मी म्हटलं. "वरवंटा गडगाळला आसंल. उडी मारली त्यानं."

ते उठून टाकीपाशी गेले, चष्मा कपाळावर केला आणि चांगला डोळा काचेला लावला. मधोमध वाळूवर कोंबडीचे पांढरे तुकडे पडून होते, मी काढायचे विसरलो होतो. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील खोटा दाणा. म्हणाले असते तर मी भांडलो असतो, पिशवी उचलून निघूनही गेलो असतो. मला ते येतं. पण त्यांनी नुसता चष्मा खाली केला, खुर्ची बादलीपाशी ओढली आणि बसले. मुलगी म्हणाली, "आप्पा, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, झोपा आता." ते बसून राहिले.

सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर डाव्यानं हवा घ्यायचं थांबवलं होतं. पॅनमनचा हात पाण्यात होता, त्याच्या पाठीखाली.

मी चहा खाली ठेवला. "वरवंटा गडगाळला न्हाई," मी म्हटलं. "मी काडला हुता. सगळं मधी टाकलं मी."

"व्हय."

"एका गव्हानीत खात्यात का बगायचं हुतं."

"व्हय," ते परत म्हणाले. मग चहाकडं बघितलं, पण पट्टी काढली नाही. तसाच प्यायले. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आन त्ये दावं?"

मी जे तोवर कोणाला सांगितलं नव्हतं ते त्या बादलीपाशी बसून सांगितलं. दावं तुटलं नव्हतं. मुलगा मारका म्हणाला म्हणून मी त्या बैलाला मुद्दाम ढिला बांधला होता, सरकगाठीनं, सगळ्यांना दिसावं म्हणून की हा किती गरीब आहे. गाठ सुटली. सगळे गाईभोवती होते तेव्हा मी ते धडधाकट दावं उचललं आणि उकिरड्यात खोल पुरलं. मग ओरडलो, कच्चं दावं वळलंय म्हणून. सून तिथंच होती, गाईचं डोकं मांडीवर घेऊन. ती गाय तिनं वासरापासून वाढवलेली होती. ती काहीच बोलली नाही. चार दिवसांनी मीच भांडण उकरून काढलं आणि निघालो.

पॅनमननी सगळं ऐकून घेतलं. "मासा माझा हुता," म्हणाले, "माझ्यापाशी बोललात. झालं. आता गाय कुनाची हुती?"

त्यानंतर ते वर्षभर घोडेगावात होते. उजवा एकटाच राहिला, आणि तरी त्यांनी मधली काच परत बसवली. डावीकडं नुसतं पाणी. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जागा हाय त्याची." उजवा तिकडं बघून कधी धडका मारायचा, कधी नाही. मग मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. उजवा नगरच्या दुकानात परत गेला, टाकी कोणी नेली ते मला माहीत नाही. काच मात्र त्यांनी गोधडीत गुंडाळून टेम्पोनं माझ्याकडं पाठवली, चिठ्ठी नाही काही नाही. मागच्या थंडीत ते गेल्याचं कळलं. मी नाशिकला गेलो. मुलीनं मला त्यांचा खाकी सदरा दाखवला, खिशात पट्टी होती. मी ती मागितली नाही. मागायला पाहिजे होती.

आता राहिलेलं सांगतो. डावा गेला त्याच दिवशी मी घरी आलो. बाजाराचा दिवस नव्हता, मुलगा रानात होता. मी अंगणात उभा राहिलो आणि आपल्याच घरात शिरायच्या आधी खाकरलो. सून गोठ्यात शेण काढत होती. तिनं वर बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मामा. आत या की. च्या ठिवते."

"थांब. आदी ऐक. दावं तुटलं न्हवतं."

तिनं घमेलं खाली ठेवलं.

"गाठ माझी ढिली हुती. दावं चांगलं हुतं. मी ते उकिरड्यात पुरलं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "उकिरडा मीच उपसते, मामा."

"कदी घावलं?"

"तुमी गेल्यावर पंधरा दिसांनी."

म्हणजे जवळजवळ सगळेच डबे तिनं हे माहीत असून भरले होते.

"मग बोलली का न्हाईस? नवऱ्याला तरी सांगायचं."

"दावं तुमी पुरलं हुतं," ती म्हणाली. "मी कशाला उकरून दाकवू?"

मग तिनं हात धुतले आणि चहा ठेवायला आत गेली. त्या गाईची आधीची एक कालवड होती, ती खुंट्याला बांधलेली होती. गळ्यात हिरव्या आणि पिवळ्या साडीच्या पट्ट्यांचं दावं, धुऊन स्वच्छ केलेलं. मी जवळ जाऊन ओढून बघितलं. वळ कुठं सुटला नव्हता. मग खुंट्याची गाठ बघितली. दोनदा ओढली, खाली बसून बघितली. मला बैल कळतो, आणि माझा सगळा जन्म दाव्या-कासऱ्यात गेला. पण तशी गाठ मला येत नाही.